सुटला, सोडला

‘आणि मग हिनं हात सोडला,’ दिनानाथ म्हणाला, तेव्हा सगुणा बर्फाच्या बादलीत सरबताच्या बाटल्या खोचत होती. मार्च संपत आला होता. नेरूळच्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंज्या टाकून सोसायटीतली सात-आठ कुटुंबं बसली होती. मे महिन्यात सगळ्यांनी मिळून कुलू-मनालीला जायचं आणि तिथं बियास नदीत रबरी बोटीतून उतरायचं, असं घाटत होतं. दिनानाथला बोलतं केलं होतं ते त्यासाठीच, कारण तो आणि सगुणा गेल्या वर्षी जाऊन आले होते आणि बोट उलटूनही धडधाकट परतले होते. सगुणाचे हात मनगटापर्यंत बर्फात होते. ते तिनं बाहेर काढले नाहीत, वरही पाहिलं नाही. फक्त एक बाटली दुसरीवर आपटली आणि तो आवाज तिला नको इतका मोठा वाटला.

वाक्य अगदी साधं होतं. कर्ता, कर्म, क्रियापद. पण गेल्या जूनमध्ये, परतल्यावर पहिल्यांदा शेजारच्या वैशालीला सांगताना, दिनानाथ म्हणाला होता, ‘हात सुटला.’ त्यात कुणी कर्ता नव्हता. पिकलेलं फळ देठापासून सुटतं तसा तो हात सुटला होता. त्यात फळाचा दोष नाही, देठाचा नाही, वाऱ्याचा तर नाहीच. दिवाळीत साताऱ्याकडे घरी गेले तेव्हा सासऱ्यांपुढे, हौसेरावांपुढे, तो म्हणाला, ‘हिचा हात सुटला.’ तेव्हा सगुणा करंज्यांच्या कडा दाबत होती आणि तो नवा शब्द तिच्या कानावरून गेला, पण थांबला नाही. नवऱ्याच्या बोलण्यात बायको ‘ही’ म्हणून येतेच. आज मात्र ‘हिनं’ झालं होतं आणि सुटण्याचं सोडणं झालं होतं. इतकं सावकाश, की मधल्या कुठल्याही एका दिवसावर बोट ठेवता आलं नसतं. प्रयोगशाळेत ती मुलांना बेडकाच्या अंड्यांच्या काचपट्ट्या एकामागून एक दाखवायची. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये फरक सापडत नाही, पण पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली की एकीत नुसता ठिपका असतो आणि दुसरीत शेपूट हलवणारा जीव.

तेवढंच असतं तरी तिनं ते गिळलं असतं. माणसं सांगता सांगता गोष्ट गोल करतात, हे तिला माहीत होतं. पण दिनानाथ पुढे म्हणाला, ‘मग काय! मी दोन्ही हातांनी दोर धरला, असा, आणि ओढून घेतलं स्वतःला उलट्या बोटीवर. लोंबकळायचं काम नाही, वर चढलो.’ दोर कसा धरला ते दाखवायला त्यानं एका मुठीवर दुसरी मूठ ठेवली. सगळे त्या मुठींकडे बघत राहिले. सगुणानंही पाहिलं. आतापर्यंत तिला हे माहीत नव्हतं. त्या वेळी तिला काही दिसलंच नव्हतं.

वाशीच्या कॉलेजात ती शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. थंड पाण्यात हाताचं काय होतं हे तिला पुस्तकातून माहीत होतं: कातडीखालच्या नळ्या आवळतात, बोटांकडचं रक्त आत ओढलं जातं, कोपराखालचे स्नायू गार पडतात आणि मूठ वळायला सांगितलं तरी वळत नाही. म्हणून गेलं वर्षभर तिनं दिनानाथच्या वतीनं, त्यानं न मागता, एक बचाव तयार ठेवला होता. हात त्यानं उघडला नाही, थंडीनं उघडला. हिवाळ्यात, प्रॅक्टिकल संपून मुलं गेल्यावर, तिनं एकदा हे करूनही पाहिलं. पकड मोजायचं यंत्र कपाटातून काढलं, किसलेल्या बर्फाच्या ट्रेमध्ये स्वतःचा उजवा हात ठेवला, आणि सोसवेनासं झालं की बाहेर काढून यंत्राची मूठ आवळली. मग पुन्हा बर्फ, पुन्हा मूठ. सुई दर वेळी आधीपेक्षा खाली थांबत होती. हात लाल झाला, मग पांढरट, मग तो कुणा दुसऱ्याचा वाटायला लागला, आणि तिला विलक्षण आनंद झाला. सुई जितकी खाली येत होती तितका तिचा नवरा तिला परत मिळत होता. त्या संध्याकाळी येताना तिनं त्याच्या आवडीचं ओलं खोबरं आणि कोलंबी घेतली होती आणि त्यानं ‘आज काय विशेष?’ असं विचारल्यावर ती नुसती हसली होती.

आणि आता तो दोन मुठी एकमेकींवर ठेवून बसला होता. एक हात आधीपासूनच दोरावर असणार. मग दुसरी मूठ तिला धरणाऱ्या हाताची. ज्या हाताला तिला धरता येईना त्याच हाताला पुढच्या क्षणी दोर धरता आला, आणि अंगाचं सगळं ओझं ओढून वरही चढता आलं. सगुणानं सवयीप्रमाणे उलट बाजू तपासली. दोरात मनगट अडकवता येतं, कोपर घालता येतो, मूठ लागत नाही. असं होऊ शकतं. पण तो तर मूठच दाखवत होता, आणि अभिमानानं दाखवत होता. वर्षभर जपलेला बचाव त्यानं स्वतःच, टाळ्या मिळवता मिळवता, मोडून टाकला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

‘म्हणजे वहिनींनीच सोडला हात?’ सोसायटीचे सेक्रेटरी बंडूकाका म्हणाले. ते टाकीला टेकून बसले होते आणि दर मीटिंगमध्ये एकदा तरी सगळ्यांना हसवणं ही आपली जबाबदारी समजत होते. ‘वहिनी, चान्स मारला होतात की काय? सुटका करून घ्यायला जागा मात्र झकास शोधलीत!’

‘इश्श, काहीतरीच काय बंडूभाऊजी,’ वैशाली म्हणाली, पण तीही हसत होती. ‘सुटका कसली? तिथं वाहून गेली असती ती.’

‘अहो, घाबरली हो बिचारी,’ दिनानाथ उदारपणे म्हणाला. ‘पाण्याची सवय नाही ना. पाण्यात माणूस पाण्यानं मरत नाही, भीतीनं मरतो. आमचे वडील हेच सांगतात.’

‘आई पॅनिक झाली,’ प्रियदर्शिनी म्हणाली. गच्चीच्या कठड्याला पाठ लावून ती मैत्रिणींबरोबर बसली होती. नुकतीच बारावीची परीक्षा संपलेली. गेल्या मे महिन्यात ती साताऱ्याला आजोबांकडे होती, म्हणून तिनं काहीच पाहिलं नव्हतं. ‘बाबा ओरडत होते, धर धर म्हणून, आणि हिला ऐकूच गेलं नाही.’ ती हे तिथं हजर असल्यासारखी सांगत होती. ते ऐकून सगुणाला वाटलं, दिनानाथच्या गोष्टीत आता साक्षीदारही तयार झाला.

तो ओरडला नव्हता. कुणालाच ओरडता आलं नव्हतं. हे तिला एवढं स्पष्ट आठवत होतं, की आत्ता या उन्हातही तिचा श्वास वर ओढला गेला. बोटीत बसायच्या आधी काठावर तिनं पाण्यात बोटं बुडवली होती आणि ‘गार आहे’ म्हणाली होती. किती चुकीचा शब्द. गार पाणी माठातलं, उन्हातून आलेल्याला विचारायचं, गार पाणी देऊ का. तिच्या भाषेत थंडपणाला मायेचीच नावं होती: गारवा, गारेगार, शीतळ. वरच्या डोंगरातून बर्फ वितळून आलेल्या त्या मातकट पाण्याला देण्यासारखा शब्दच तिच्याजवळ नव्हता. इथल्या खाडीत तर एप्रिलमध्ये पाणी अंगाइतकं कोमट असतं. करावे गावच्या बाजूला ओहोटीत पोरं चिखलात उतरतात आणि आया फक्त शिंपल्यांनी पाय कापेल म्हणून ओरडतात. थंडीनं माणूस पाण्यात मरतो, असं इथं कुणी आपल्या मुलांना सांगत नाही. इथलं पाणी दुसऱ्या रीतीनं मारतं.

बोट एका लाटेवर उभी राहिली आणि तशीच पाठीवर पडली. सगुणा पाण्याखाली गेली आणि तिच्या छातीनं, तिला न विचारता, मोठा श्वास आत ओढला. तोंड त्या वेळी पाण्याबाहेर आलं होतं हा निव्वळ योग. मग दुसरा, तिसरा, धापा, धापा, एकही श्वास पूर्ण बाहेर जाईना. ती भीती नव्हती. भीती नंतर आली. हे कातडीचं काम होतं. एवढी थंडी एकदम लागली की कुणाचंही शरीर असंच करतं, शूराचं आणि भित्र्याचंही, आणि पट्टीचे पोहणारे त्या पहिल्या श्वासात नाकातोंडात पाणी जाऊन बुडतात. तो एखाद-दोन मिनिटांचा खेळ असतो. तेवढा वेळ तोंड वर ठेवून नुसतं तरंगलं की श्वास ताब्यात येतो. तरंगायला अंगात जाकीट असतं. पण तिचं जाकीट वर सरकून कानांवर, मग डोळ्यांवर आलं, कारण काठावर दिनानाथनं स्वतःच्या हातांनी त्याचे पट्टे सैल केले होते. ‘एवढं काय आवळलंयस, फोटोत पोत्यासारखी दिसतेस,’ असं म्हणून. त्याची बोटं तेव्हा तिच्या बरगड्यांना लागली होती आणि तिला, लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला, त्याची गुदगुली झाली होती. पाण्यात डाव्या हातानं ती ते जाकीट खाली खेचत राहिली. उजवा हात त्याच्या हातात होता. समोर फक्त नारिंगी कापड दिसत होतं. त्या नारिंगीत तिला जगातली एकच गोष्ट कळत होती, त्याची चार बोटं आणि अंगठा.

आणि मग ती बोटं नव्हती. ढिली होत गेली नव्हती. थंडीनं सुटणारी पकड हळूहळू जाते, सुई खाली येते तशी. आधी करंगळी, मग एकेक बोट निसटतं. इथं पकड होती आणि मग नव्हती. हे तिच्या हाताला त्याच क्षणी कळलं होतं. फक्त तिनं ते वर्षभर हातातून डोक्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या बोटीवरच्या माणसानं तिला जाकिटाच्या खांद्यांना धरून उपसून काढलं, तोवर ती पाठीवर पडून, पाय पुढे करून वाहत होती. सकाळी बोटवाल्यानं सांगितलं होतं, ‘पैर आगे, मुँह ऊपर, खड़ा नहीं होना,’ आणि सांगितलेलं ऐकायची तिला लहानपणापासून सवय. काठावर तिला घोंगड्यांत गुंडाळून आडवं ठेवलं. दिनानाथ तिचे तळवे चोळायला लागला तेव्हा बोटवाला ‘मत रगड़ो साब’ म्हणत त्याला मागे ओढत होता. दिनानाथ रडत होता. मोठ्यानं, लहान मुलासारखा, तिच्या पोटावर डोकं ठेवून. तिचे दात वाजत होते, बोटं वळत नव्हती, आणि तरी तिनं ती न वळणारी बोटं त्याच्या ओल्या केसांवर ठेवली. तीच त्याची समजूत काढत होती.

त्यानंतर कितीतरी दिवस तो फार चांगला वागला. न्हावा शेव्याच्या बंदरावरून, कंटेनर सोडवायच्या त्या धुळीच्या कामावरून, वेळेवर घरी यायचा. तिच्यासाठी उरणहून ताजी मासळी आणायचा, तिनं उठायच्या आत दूध तापवायचा. ती खुळावली होती. मरणाच्या दारातून परत आलेल्या बायकोची किंमत कळली, असं तिला वाटलं होतं. मग एकदा, पावसाच्या दिवसांत, चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं होतं, ‘तुला काय काय आठवतंय गं, त्या वेळचं?’ आणि ती म्हणाली होती, ‘फारसं नाही. जाकीट डोळ्यांवर आलं होतं ना.’ त्यानं मान हलवली, बशीतला चहा संपवला आणि पेपर उघडला. आत्ता, बर्फात हात घालून बसल्या बसल्या, तिला ती बशी खाली ठेवल्याचा आवाज आठवला. क्रियापदं बदलायला लागली ती त्या चहानंतर. त्या आधीचं दूध, मासळी, वेळेवर येणं, ती माया नव्हती. ते वाट बघणं होतं. हिला ठाऊक आहे की नाही, एवढं कळेपर्यंतचं.

‘जाकीट वगैरे देतात ना पण तिथे?’ वैशाली विचारत होती. ‘आमच्या पार्थला पोहता येतं, क्लबात शिकलाय, पण नदी म्हणजे…’

‘पोहता येतं ना? मग झालं,’ दिनानाथ म्हणाला. ‘जाकीट देतात, नाही असं नाही. पण वहिनी, खरं सांगू का, जाकीट म्हणजे बिंडा.’ बिंडा म्हणजे काय, हे मग त्यानं मुंबईच्या लोकांना समजावून सांगितलं. साताऱ्याकडे पोर विहिरीत पोहायला शिकतं तेव्हा त्याच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधतात. ‘आमचे दादा, म्हणजे वडील, एक दिवस बिंडा सोडायचे आणि मागनं धाडकन ढकलायचे. वरनं म्हणायचे, आरं, मार हातपाय, न्हाय तर जा तळाला! बिंडा सुटला की पोरगा गडी झाला. तेव्हा मोठ्या माणसानं जाकीट घालून हातभर पाण्यात बसायचं म्हणजे…’ त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पुरुष हसले.

सगुणाला ती विहीर माहीत होती. सासरी पहिल्यांदा गेली तेव्हा दाखवली होती, घरातला देव दाखवावा तशी. उन्हाळ्यात तिचं पाणी खरंच गार असे, माठातल्यासारखं. त्या पाण्यात शिकलेली शूरता घेऊन हा माणूस बर्फाच्या पाण्यात उतरला होता. आणि तीच आता वाटत होता, पार्थला, वैशालीला, सगळ्यांना. आणि प्रियदर्शिनीला, जी त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होती, की त्या नजरेसाठी त्यानं आणखीही पुष्कळ काही सांगितलं असतं.

‘पोहण्याचा संबंध नाही,’ सगुणा म्हणाली. तिचा आवाज वर्गात लागायचा तसा इथं लागला नाही. ‘तिथलं पाणी इतकं थंड असतं, की पडल्या पडल्या श्वासच हातात राहत नाही. पहिली एखाद-दोन मिनिटं पोहायचंच नाही. जाकीट घट्ट आवळलेलं हवं, आणि…’

‘झालं! मॅडमचं लेक्चर सुरू,’ बंडूकाका म्हणाले. ‘वहिनी, आमची परीक्षा नंतर घ्या. आधी तुमची घेऊ. ही काय समोर बियास नदीच आहे!’ त्यांनी बादलीकडे बोट केलं. ‘दिनूभाऊ, या इकडं. घाला हात. नवरा-बायकोनं हातात हात घालून बर्फात धरायचा. बघू कोण सोडतंय. दूध का दूध!’

सगळ्यांनी ओरडा केला. प्रियदर्शिनी टाळ्या पिटायला लागली. दिनानाथ बाही सारत आला, समोर उकिडवा बसला आणि बादलीत हात घालून त्यानं सगुणाचा हात पकडला. तिचा हात आधीपासून कितीतरी वेळ बर्फात होता. त्याचा कोरडा आणि ऊबदार होता. हा प्रयोगच चुकीचा आहे, हे तिला कळत होतं. दोन हातांची सुरुवात सारखी नाही. शिवाय बादलीत फक्त मनगट असतं, अंग बाहेर उन्हात असतं, काळीज गरम रक्त पाठवत राहतं. नदी अंगभर असते. हे सांगायला हवं होतं. पण त्याची चार बोटं आणि अंगठा तिच्या हाताभोवती आवळले आणि ते राहूनच गेलं. तीच पकड. तिच्या हातानं ती तत्काळ ओळखली. तो जोर लावत होता, दात आवळून, मानेची शीर फुगेपर्यंत, आणि बाजूचे मोठ्यानं आकडे मोजत होते. किती घट्ट धरू शकतो हा, तिच्या मनात आलं. किती सहज. भोवती बघणारी माणसं असली की. त्या नदीवर नारिंगी कापडापलीकडे बघणारं कुणी नव्हतं.

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. वाटलं, आता तरी त्याला कळेल. या पकडीनं आपण काय सांगतो आहोत ते. त्याच्या डोळ्यांत फक्त जिंकण्याची घाई होती. त्याला आठवतच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला त्या क्षणी समजलं, आणि ते खोटं बोलण्यापेक्षा वाईट होतं. खोटं बोलणाऱ्याजवळ निदान खरं कुठेतरी ठेवलेलं असतं. यानं ते टाकून दिलं होतं. आता ते फक्त तिच्या एकटीच्या हातात होतं आणि तो हात हाडापर्यंत ठणकत होता. तिनं तो झटकन ओढून घेतला.

‘सोडला! वहिनींनी परत सोडला!’ बंडूकाकांनी दोन्ही हात वर केले. गच्चीभर हसणं उसळलं. कुणीतरी शिटी मारली. दिनानाथनं लाल झालेला हात झेंड्यासारखा उंच धरला आणि प्रियदर्शिनी धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. ‘मी नाही सोडणार बाबा,’ ती म्हणाली. ‘मी तुमच्याच शेजारी बसणार बोटीत. काय वाट्टेल ते झालं तरी तुमचा हात सोडणार नाही.’

‘आता बोललीस! माझी वाघीण आहे ती,’ दिनानाथ म्हणाला.

सगुणा पदरानं हात पुसत होती. पुसूनही तो कोरडा झाल्यासारखा वाटत नव्हता. पारसिकच्या डोंगराकडून खाणीत सुरुंग उडाल्याचा दबका आवाज आला आणि गच्चीच्या लाद्या तळव्यांखाली थरथरल्या. रोजचंच, कुणाचं लक्षही गेलं नाही. तिला अपमानाचं काही वाटत नव्हतं. आतापर्यंत ती जे काही धरून होती, नवरा, त्याचं रडणं, वीस वर्षांतली ती एक गुदगुली, त्यातलं एकेक तपासून ती बाजूला ठेवत होती, आणि हे काम ती नंतरही करू शकली असती. पण मुलीचं वाक्य नंतरवर ढकलता येत नव्हतं. मुलगी घाबरणार नव्हती, हे नक्की. ती जाकीट सैल ठेवील, कारण बाबा सैल ठेवतात. पाण्यात पडल्यावर ती बोट शोधणार नाही, दोर शोधणार नाही, श्वास सावरायला थांबणार नाही; आपले दोन्ही हात ती एका माणसाकडे करील. आणि तो माणूस वाईट नव्हता. बंदरावर, सोसायटीत, साताऱ्यात सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. त्याच्यावर फक्त त्या एका क्षणी विसंबायचं नव्हतं.

मीटिंग संपली. नावं दिली गेली, दिनानाथ सगळ्यांचा म्होरक्या ठरला आणि बंडूकाकांशी गाड्यांच्या वेळांबद्दल बोलत वरच थांबला. सगुणा बादली घेऊन खाली आली. प्रियदर्शिनी मागोमाग रिकाम्या बाटल्या घेऊन आली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर चढून पाय हलवत बसली. खिडकीतून पश्चिमेचं ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. तिच्या वरच्या ओठावर कोकमाची लाल रेघ होती.

‘तू पण चल ना आई. दर वेळी थोडंच काही होतं?’

‘मी नाही येणार.’

‘बाबांवर रागावलीस? ते गंमत करत होते गं. बंडूकाका तर काय, सगळ्यांचीच खेचतात.’

‘नाही रागावले.’

‘मग मला पाठवणार आहेस ना? नाही म्हणू नकोस हां. सगळ्या जाणारेत.’

सगुणानं बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. नाही म्हणता येत होतं. या मे महिन्यात नाही म्हणता आलं असतं. पुढच्या वर्षी ती कॉलेजच्या मुलांबरोबर गेली असती, तीच गोष्ट डोक्यात घेऊन. दिनानाथला बाजूला घेऊन बोलता येत होतं. तो चकित झाला असता, मग दुखावला असता, आणि आठवड्याभरात एक नवं वाक्य तयार झालं असतं. राहिलं ते मुलीला सांगणं. पण सगळं खरं सांगितलं तर मुलगी एका संध्याकाळी बाप गमावणार होती, आणि तो बाप तिनं सतरा वर्षं खरा म्हणून वापरला होता. औषधासारखी मात्रा ठरवावी लागणार होती. कमीत कमी किती खरं पुरेल. त्याहून एक थेंबही जास्त नको, आणि कमी तर नकोच.

‘जा,’ ती म्हणाली. ‘पण मी सांगते ते नीट ऐक. हसू नकोस.’

‘बोल.’

‘जाकिटाचे सगळे पट्टे लावायचे. खांद्याला धरून दुसऱ्या कुणालातरी वर ओढायला सांगायचं. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. कुणी काही म्हणालं तरी सैल करायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.’

‘बरं.’

‘पडलीस तर आधी पोहायचं नाही. धाप लागेल, लागू दे. ती भीती नसते. तोंड वर ठेवायचं आणि श्वास परत येईस्तोवर नुसतं तरंगायचं. बोट जवळ असली तर तिचा दोर लगेच धरायचा, बोटं चालताहेत तोवर. नसली तर पाठीवर, पाय पुढे. उभं राहायला बघायचं नाही, तळाच्या दगडांत पाय अडकतो.’

‘आणि बाबा असतीलच ना शेजारी,’ प्रियदर्शिनी म्हणाली.

‘बाबांकडे हात करायचा नाही.’

तिचे हलणारे पाय थांबले. ‘म्हणजे? का?’

सगुणानं बादली पालथी घातली. तिचा आवाज आता वर्गातल्यासारखा, सपाट आणि स्वच्छ लागला.

‘मी केला होता.’

प्रियदर्शिनी हसायला लागली आणि मधेच थांबली. ती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग तिच्या उजव्या हाताकडे, जो अजून लाल होता. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं. जिन्यात चपला वाजल्या, लॅचचा आवाज झाला आणि दिनानाथ दारातूनच, त्याच त्या खुशीत, म्हणाला, ‘दर्शू, ए वाघिणी, कुठायस? ये इकडं, सीटांचं ठरलं बघ, तू माझ्या शेजारी.’

एरवी ती ओट्यावरून उडी मारून पळाली असती. ती सावकाश खाली उतरली आणि तिथंच, आईच्या बाजूला, पाठ भिंतीला लावून उभी राहिली. त्यानं पुन्हा हाक मारली. तिनं ओ दिली नाही.